आठवड्याचा एक वार

‘इथे करमत नाही.’ घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाच्या पहिल्या पत्रात हे तीन शब्द हटकून असायचे. वरती ‘तीर्थरूप वडिलांचे सेवेशी, बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. मध्ये खोलीचे भाडे, पुस्तकांच्या किमती, प्रकृतीचे वर्तमान. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तसे, ‘बाकी सर्व ठीक, पण इथे करमत नाही.’ वडील पत्र मोठ्याने वाचत असले तर नेमके त्या ओळीशी त्यांना खोकला येई, आणि माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आईला न वाचलेली ओळ बरोबर कळे.

मराठीने या दुःखाला रोगाचे नाव दिले नाही. एक क्रियापद दिले, आणि तेही नकारात. करमत नाही म्हणणाऱ्याला आपण काढा देत नाही. ‘करमेल हळूहळू’ एवढेच म्हणतो. युरोपात मात्र या न करमण्याने एका विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय पुरवला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथील विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या, विशीही न ओलांडलेल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला. ‘परतणे’ आणि ‘वेदना’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने रोगाला नाव दिले ‘नॉस्टॅल्जिया’. आज हा शब्द आपण जुनी गाणी आणि जुने दिवस आठवून हळवे होण्यासाठी वापरतो. होफरच्या लेखी तो भूक घालवणारा, ताप आणणारा, प्रसंगी जिवावर बेतणारा आजार होता.

त्याने दिलेल्या उदाहरणांत एक विद्यार्थीच आहे. बर्नचा हा तरुण बाझलला शिकायला आला आणि खंगत गेला. झोप नाही, छातीत धडधड, अंगात ताप. शेवटी लोकांनी आशा सोडली. तेव्हा कुणीतरी म्हणाले, याला घरी न्या. त्याला गाडीत घालून निघाले, तो गाव मागे पडताच काही मैलांत त्याचा श्वास मोकळा झाला आणि बर्न येण्याच्या आतच तो बरा झाला. होफरने यातून सरळ अनुमान काढले की या रोगावर खरे औषध एकच, घर.

औषध खरे आहे, यात शंका नाही. पण सगळीच मुले अशी परत गेली असती, तर बाझलचे विद्यापीठ ओस पडले असते. म्हणून इतिहासाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना घराची ओढ तितकीच होती आणि तरीही जी परतली नाहीत, ती मुले कशाच्या बळावर टिकली?

आपल्याकडे या प्रश्नाची जाण फार जुनी असावी. मुंजीचा विधी आठवून पाहा. बटू आईच्या मांडीशी बसून एका ताटात जेवतो, ते मातृभोजन. आज आपण ते कौतुकाने पाहतो, फोटो काढतो. मुळात तो निरोप आहे. उद्यापासून हे लेकरू गुरूच्या घरी जेवणार, आईच्या ताटात यापुढे त्याचा घास नाही. मग त्याच दिवशी भिक्षावळ येते. ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत मुलगा पहिली भिक्षा मागतो ती आईकडेच. जिच्या हातचे हक्काने खाल्ले, तिच्याच पुढे त्याने आज झोळी धरायची. यात निष्ठुरपणा वाटतो, पण एक शहाणपणही आहे. परक्या दारी अन्न मागायचे, तर तो पहिला संकोच आईच्या दारात फिटावा. उद्या दुसऱ्या कुणाच्या दाराशी उभे राहताना त्याला वाटावे, इथेही कुणाची तरी आईच घास वाढते आहे.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांना हा विधी रोजचाच झाला. कोकणातून, देशावरून पायी चालत मुले येत. धोंडो केशव कर्वे यांनी १८७५च्या सुमारास दापोलीजवळच्या मुरूड गावाहून साताऱ्याला परीक्षेसाठी केलेली पायपीट प्रसिद्धच आहे. शंभराहून अधिक मैल, वाटेत सह्याद्रीचा घाट. आणि तिथे पोचल्यावर हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. अशा मुलांना शहरात ना ओळख, ना पैसा. त्यांच्यापुढे दोन वाटा असत. एक माधुकरी. भुंगा फुलाफुलावरून थोडा थोडा मध गोळा करतो, तशी दारोदार फिरून शिजवलेले अन्न आणायचे. दुसरी वाट म्हणजे वार लावणे. सात घरे गाठायची आणि प्रत्येक घरी आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्यायचा. सोमवार जोश्यांकडे, मंगळवार लेल्यांकडे, बुधवार आणखी कुणाकडे. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पोटही रिकामे.

वाराच्या जेवणात अपमान नव्हता असे नाही. कुठे पंगत उठल्यावर वाढत, कुठे ताकाला पाणी जास्त आणि बोलण्याला धार जास्त. तरी या रीतीत एक फार मोठी गोष्ट होती. मुलाला अन्नछत्रात न धाडता घरात घेतले जात होते. दर गुरुवारी एका ठराविक पाटावर बसायचे, त्या घरातल्या म्हातारीने ‘आज असा का रे सुकलास?’ म्हणून विचारायचे, सणाचा दिवस आपल्या वाराला आला तर पुरणपोळी मिळायची. घराची आठवण याने जात नसे. पण आठवड्यातला एक दिवस कुणीतरी आपली वाट पाहते, एवढ्यावर तो मुलगा बाकीचे सहा दिवस काढी.

टपालखात्याने याच काळात मोठा आधार दिला. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी मनिऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. एका पैशात घरची खुशाली कळू लागली आणि वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले चार रुपये पोस्टमनच्या हातून मुलापर्यंत जाऊ लागले. या कार्डाचा एक गुण आज ध्यानात येतो. ते पोचायला दिवस लागत. मुलाने रडत लिहिलेली ओळ आईच्या कानी पडेपर्यंत मुलाचे रडे बहुधा ओसरलेले असे, आणि आईचे काळजीचे उत्तर हाती येई तेव्हा तो मित्रांबरोबर पर्वती चढत असे. त्या तीन-चार दिवसांनी दोघांनाही सांभाळले.

सगळ्यांनाच ते जमले असे मात्र समजू नये. १८८८ सालच्या आरंभी राजकोटचा एक मुलगा भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाला. त्याला शिकवलेले काही कळेना. पहिले सत्र संपताच तो घरी परतला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला हाच मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसला. मागे तरुण पत्नी, काही महिन्यांचा मुलगा, आणि मांस-मद्याला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावून निरोप देणारी आई पुतळीबाई. लंडनमधल्या पहिल्या रात्री कशा गेल्या हे गांधीजींनी आत्मकथेत लपवलेले नाही. रात्री घर आठवून डोळ्यांतून धारा लागत, झोप येत नसे. दुःख सांगावे असे जवळ कुणी नाही. इथे राहवत नाही आणि परत जाणे शक्य नाही, अशी ती कोंडी होती.

ती फुटली कशाने? काही अंशी एका जेवणाने. घरमालकिणीकडचे अळणी, उकडलेले अन्न खाऊन अर्धपोटी राहणारा हा मुलगा शाकाहारी खाणावळ शोधत मैलोनमैल लंडन पालथे घालत होता. एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सापडली. विलायतेत पाऊल ठेवल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण तिथे झाले. तिथेच एक शिलिंग देऊन त्याने शाकाहारावरचे पुस्तक घेतले, त्या वाटेने शाकाहारी मंडळींची ओळख झाली, सभा आल्या, मित्र आले. आईला दिलेली शपथ ही घराची आठवण होती. त्याच शपथेने त्याला परक्या शहरात माणसे मिळवून दिली.

या कथेचा शेवट मात्र सुखाचा नाही. १८९१ साली बॅरिस्टर होऊन तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा थोरल्या भावाने त्याला सांगितले की आई आता नाही. परक्या देशात मुलगा एकटा. त्याला हा घाव नको म्हणून घरच्यांनी बातमी दाबून ठेवली होती. मुलगा परत येतो तेव्हा सोडून गेलेले घर तसेच त्याची वाट पाहत असेल, असे वचन कुणालाच देता येत नाही. घर सोडण्याची ही खरी किंमत आहे आणि ती दोन्ही बाजूंना पडते.

गांधीजी विलायतेला निघाले त्याआधी पाच वर्षे, एप्रिल १८८३ मध्ये, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेली एक मराठी मुलगी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली होती. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेलेले. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी हा ध्यास. पती गोपाळराव मागेच राहिलेले. सोबतीला एकही आप्त नसताना, नऊवारी लुगड्यात, शाकाहार सोडणार नाही आणि धर्म सोडणार नाही असे जाहीर सांगून ती गेली. तिकडची थंडी, आजारपण, आणि गोपाळरावांची कधी मायेची तर कधी संशयाने जाळणारी पत्रे, हे सारे तिच्या वाट्याला आले.

ती उभी राहू शकली याला एक बाई कारण आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मिशनऱ्यांचे मासिक चाळताना पत्नीच्या शिक्षणाविषयी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे जवळजवळ तीन वर्षे, एकमेकींना न पाहता, दोघींचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई त्यांना पत्रांतून मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये बोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हा ही मावशी धक्क्यावर हजर होती. फिलाडेल्फियाचे कॉलेज ऑक्टोबरात सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयाने पोखरलेले शरीर तिथवर गेले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, त्या गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांना जागा मिळाली. परक्या घराने दिलेला पाट इतक्या दूरपर्यंत पुरला.

पण आता वाराच्या त्या रीतीकडे पुन्हा वळून पाहायला हवे. पुण्यातली ती सात दारे सगळ्या मुलांना उघडत नव्हती. जातीबाहेरच्या मुलाला पाट नव्हता, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर ओसरीही नव्हती. अशा मुलाने घर सोडले तर त्याने जेवावे कुठे, निजावे कुठे? घरची ओढ हे दुःख सर्वांचे. त्यावरचा उतारा मात्र जात पाहून वाटला जात होता.

१९१३ साली वडील रामजी यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठातल्या पहिल्या वसतिगृहाचे जेवण त्यांना मानवले नाही. एक-दोन जागा बदलून ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले, तिथे नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची दोस्ती जमली. ती जन्मभर टिकली. १९२० साली पुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने पैसे उसने दिले. आणि मधल्या काळात स्वदेशात काय घडले? १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला ते आले, तो शहरात राहायला जागाच मिळेना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक तिथे आले आणि त्यांना बाहेर काढले. शहरात कुणी आसरा दिला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने कामाठी बागेत बसून काढले. न्यूयॉर्कमध्ये ज्याला खोली आणि मित्र मिळाला, त्याला आपल्या देशात छप्पर मिळू नये, याहून वेगळे ‘न करमणे’ काय असते?

हा प्रश्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखला होता. शाळा काढल्या तरी खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे, हे त्यांना दिसत होते. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि पुढच्या काळात जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ज्यांना कुणी वार देत नव्हते, त्यांना राजाने आठवडाच दिला. तरी ताटे वेगवेगळीच राहिली. कोल्हापुरात शिकताना जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांना ते खटकत असले पाहिजे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुले स्वतः दळत, स्वतः रांधत आणि एका पंगतीला बसत.

या पंगतीमागे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई उभ्या होत्या. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांना आपल्या चुलीशी घेतले. अंगावरचे दागिने मुलांच्या धान्यासाठी एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतले धान्य संपले आणि विकायला काही उरले नव्हते. तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र दिले आणि मुले जेवली. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष पुढे पुष्कळ वाढला. पण घरच्या आठवणीने रात्री उशीत तोंड खुपसणाऱ्या त्या पहिल्या मुलांना संस्था दिसत नव्हती. त्यांना दिसत होती ती मुलगा जेवला की नाही हे पाहणारी एक बाई.

त्यानंतर काळ बदलला. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एस.टी. धावली आणि बघता बघता खेडोपाडी एस.टी. पोचली. मग तालुक्याला शिकणाऱ्या मुलांच्या भाकऱ्या पहाटेच्या गाडीने जाऊ लागल्या. फडक्यात बांधलेल्या डब्यावर नाव घातलेले, गाडी स्टँडवर लागली की मुलांची झुंबड. गार झालेली ती भाकरी आईच्या हातची असे, एवढ्यावर कितीतरी मुले पदवीधर झाली.

आज डबा राहिला नाही, कार्डही राहिले नाही. आई मुलाचा चेहरा हातातल्या यंत्रावर रोज पाहते. सोय मोठी झाली, पण ते सांभाळणारे तीन-चार दिवस गेले. मुलाचे रडे ज्या मिनिटाला फुटते, त्याच मिनिटाला ते स्वयंपाकघरात पोचते, आणि आई तव्यावरची पोळी तशीच टाकून बॅग भरायला धावते. अशा वेळी जुन्या कार्डाची चाल थोडी उसनी घ्यावी. ऐकून घ्यावे, ‘रडतोस काय बायकांसारखा’ असले काही बोलू नये, आणि लगेच निर्णय मात्र घेऊ नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. आपल्यालाही करमत नाही हे त्याला एकदा कळू द्यावे, रोज ऐकवू नये; नाही तर स्वतःचे दुःख सांभाळून त्याला आपलेही वाहावे लागते. आठवडे उलटले तरी मूल खात नाही, झोपत नाही, बोलत नाही असे दिसले, तर होफरचा बर्नचा विद्यार्थी आठवावा आणि सरळ जाऊन त्याला घेऊन यावे. परत येण्यात नामुष्की नाही. भावनगरहून एका सत्रात परतलेल्या मुलाचे पुढे काय झाले, ते जगाला ठाऊक आहे.

पण बहुतेक मुलांना परत यायची गरज पडत नाही. त्यांना हवा असतो एक पाट. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे जेवण, रोझेलची मावशी, लिव्हिंग्स्टन हॉलमधला मित्र, साताऱ्याच्या चुलीशी उभी असलेली लक्ष्मीबाई, यांतले काही ना काही प्रत्येकाला लागले. आणि ते आईबापांना पैसे टाकून विकत घेता येत नाही. आपल्या मुलाच्या गावात ते दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते.

म्हणून हिशेब असा मांडावा. आपले मूल ज्या शहरात आहे, तिथल्या चुली आपल्या हाती नाहीत. आपल्या गावातली आपली चूल मात्र आहे. या दिवाळीतही सगळीच मुले घरी पोचणार नाहीत. कुणाची परीक्षा असेल, कुणाचे घर दोन दिवसांच्या प्रवासापलीकडे असेल, कुणाला भाडे परवडत नसेल. शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या चार मुलांपैकी एखाद्याच्या खोलीत पाडव्यालाही दिवा जळत असेल. त्याची जात, त्याचा प्रांत, त्याची भाषा न विचारता त्याला फराळाला बोलवावे. आणि जाताना हातावर चार चकल्या ठेवत सांगावे, ‘दर रविवारी इकडेच जेवायला यायचे हं.’